टर्बो बसवलेली जिप्सी: स्टार्टिंग आणि इंधन ट्यूनिंगच्या प्रकल्प नोंदी

१६ नोव्हेंबर २०२५, उद्यमबाग, बेळगाव

जांबोटीकडच्या एका शेतकऱ्यांची मारुती जिप्सी किंग आज टेम्पोवरून उतरवून घेतली. इंजिन जी१३बीबी, १२९८ सीसी, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, कंपनीतून निघाले तेव्हा सुमारे ८० अश्वशक्तीचे. त्यावर दुसऱ्या एका गॅरेजात जुना लहान टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा), ती हवा गार करणारा इंटरकूलर आणि मिनिटाला ४४० मिलिलिटर पेट्रोल सोडणारे इंजेक्टर चढवले असून कंपनीच्या इसीयूच्या (इंधन आणि ठिणगी सांभाळणाऱ्या संगणकाच्या) जागी स्पीडुइनो हा दुसरा इसीयू बसवला आहे. तो आर्डुइनो मेगा २५६० या बोर्डावर चालतो आणि त्याचे सगळे आकडे लॅपटॉपवरच्या ट्यूनरस्टुडिओमधून दिसतात व बदलता येतात. टर्बोचा जादा दाब, म्हणजे बूस्ट, मर्यादेत ठेवणाऱ्या वेस्टगेट झडपेची स्प्रिंग ०.४ बारची आहे. इंजिनाचे मूळ काँप्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण दाबण्याचे प्रमाण) तसेच ठेवलेले असल्यामुळे त्यापुढे जाण्याचा विचार कोणी करू नये, असे माझे मत मालकांना पहिल्याच भेटीत सांगितले आणि त्यांनी ते मान्य केले.

गाडी केवळ त्यांच्या शेतातल्या आणि ओळखीच्यांच्या खासगी जमिनीवरील चिखलवाटांवर चालणार आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून असा फरक करून ती सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही, म्हणून ने-आण टेम्पोनेच होईल.

तक्रारी तीन आहेत. पहाटेच्या गारव्यात इंजिन सुरू होत नाही आणि प्लग काढले की ते पेट्रोलने ओले निघतात. तापलेले इंजिन बंद करून पंधरावीस मिनिटांनी स्टार्टर मारला तर बराच वेळ नुसते फिरत राहते. आणि चढावर पूर्ण अॅक्सिलेटर दिला की बूस्ट भरता भरता गाडी हिसके देते. तिन्ही तक्रारींवर आधीच्या ठिकाणी एकच उपाय झालेला दिसतो, तो म्हणजे मॅपमधले, म्हणजे इसीयूतल्या तक्त्यांमधले, आकडे वरखाली करणे. इंधनाच्या तक्त्यात (कोणत्या वेगाला आणि हवेच्या दाबाला किती पेट्रोल द्यायचे ते सांगणाऱ्या) शेजारशेजारच्या दोन घरांत ४८ आणि ७१ असे आकडे आहेत. निरोगी इंजिनाचा तक्ता असा खड्ड्याखड्ड्यांचा असूच शकत नाही. कुठला तरी यांत्रिक किंवा विजेचा दोष आकड्यांखाली झाकला गेला आहे, असे मानून काम सुरू करतो आहे. शेजारच्या लेथवरचे फोरमनकाका गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "आकडे नंतर बघ बाबा, आधी करंट आणि पेट्रोल नीट पोचतंय काय ते बघ." लॅपटॉप तूर्त केवळ वाचण्यासाठी उघडायचा, लिहिण्यासाठी नाही, असे ठरवले.

१८ नोव्हेंबर

सुरुवात बॅटरीपासून केली. स्टार्टर फिरत असताना बॅटरीच्या टोकांवर १०.४ व्होल्ट मिळतात, म्हणजे बॅटरी ठीक आहे; मात्र त्याच वेळी इसीयूच्या पिनवर मोजले तर ८.७ व्होल्टच येतात. सुमारे पावणेदोन व्होल्ट वाटेत हरवतात. मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरे इंजिन ब्लॉकवर ठेवून स्टार्टर मारला, तेव्हा तिथेच १.१ व्होल्ट दिसले. ब्लॉक ते चासी ही अर्थिंगची पट्टी टर्बोच्या पाइपला जागा करण्यासाठी हलवून रंग लावलेल्या पत्र्यावर आवळलेली होती. बोल्ट सोडल्यावर वॉशरखाली रंगाचा अखंड गोल तसाच होता आणि तांब्याच्या तारांवर हिरवा थर चढला होता. पत्रा घासून चकाकता केला, नवी जाड पट्टी टाकली आणि इसीयूचा अर्थ थेट ब्लॉकवर घेतला. आता स्टार्टर फिरताना इसीयूला १०.१ व्होल्ट मिळतात आणि इंजिन फिरण्याचा वेग मिनिटाला १४० वरून २१० फेऱ्यांवर आला आहे.

हा दोष केवळ स्टार्टरपुरता नसतो, हे येथे नोंदवून ठेवणे आवश्यक वाटते. इंजेक्टरला वीज मिळाल्यापासून त्याची सुई उचलली जाईपर्यंत जो वेळ जातो, त्यात पेट्रोल पडत नाही. साडेतेरा व्होल्टला हा वेळ साधारण एक मिलिसेकंद असतो आणि नऊ व्होल्टच्या आसपास तो दीडपट ते दुप्पट होतो. या गाडीत इंजेक्टर मोठे असल्यामुळे आयडलला (अॅक्सिलेटर न दाबता इंजिन चालताना) इंजेक्टर उघडणारी एकूण पल्सच १.९ मिलिसेकंदांची आहे, म्हणजे जवळपास निम्मा वेळ सुई उचलण्यातच जातो. अशा इंजिनात हेडलाइट लावली तरी मिश्रण बदलते. म्हणून व्होल्टेजनुसार हा वेळ दुरुस्त करणारा तक्ता भरल्याशिवाय आयडलच्या घरांना हात लावण्यात अर्थ नाही.

२० नोव्हेंबर

आज मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला, दाब मोजणारा सेन्सर तपासला. इंजिन बंद ठेवून केवळ चावी फिरवली की या सेन्सरने बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे. येथे हा आकडा ९२ ते ९३ किलोपास्कल यायला हवा. स्क्रीनवर मात्र १०१ दिसत होते. १०१ हा समुद्रकाठचा दाब आहे. बोर्डावरचा सेन्सर एमपीएक्स४२५० जातीचा असून त्याचा हिशेब सरळ आहे: शून्य व्होल्टला १० आणि पाच व्होल्टला २६० किलोपास्कल. मीटरवर १.६५ व्होल्ट आले, म्हणजे ९२.५ किलोपास्कल. सेन्सर बरोबर आहे. पुस्तकातला वातावरणाचा दाब पडद्यावर दिसावा म्हणून कॅलिब्रेशनचे आकडे ओढून बसवले गेले असावेत.

इंधनाचा सारा हिशेब या दाबाच्या आकड्याने गुणला जातो, त्यामुळे येथील नऊ टक्क्यांची चूक इंधनातही तितकीच उतरते. ओल्या प्लगचे निम्मे उत्तर येथेच मिळाले. १० आणि २६० हे मूळ आकडे भरले आणि जुना इंधन तक्ता बाजूला ठेवून नवा सपाट तक्ता घेतला; जुन्याची डागडुजी करण्यापेक्षा हे कमी कष्टाचे आहे.

२३ नोव्हेंबर

क्रँक पुलीवर ३६ दात आणि एक गाळलेला, अशी चकती बसवलेली आहे. तिच्यासमोरचा चुंबकीय सेन्सर क्रँकची स्थिती सांगतो आणि ठिणगी केव्हा द्यायची हे त्यावर ठरते. स्टार्टर फिरवून दातांची नोंद घेतली, तेव्हा गाळलेल्या दाताव्यतिरिक्तही दोनतीन ठिकाणी दात हरवत होते. प्रत्येक वेळी इसीयू ठिणगी थांबवून पुन्हा मोजायला लागत होता आणि पेट्रोल मात्र तोवर पडलेले असे.

डायल गेज लावला. चकतीचा परीघ ०.६ मिलिमीटरने आतबाहेर होत होता. या सेन्सरचा संकेत फिरण्याच्या वेगाबरोबर वाढतो, म्हणून इंजिन चालू असताना हे खपून जाते, पण स्टार्टरच्या मंद वेगात दूरच्या बाजूचे दात इतके क्षीण होतात की ते मोजणीतून निसटतात. चकती काढून फोरमनकाकांच्या लेथवर तिचे बसण्याचे भोक आणि परीघ एकाच पकडीत घेतले. उद्यमबागेत वर्कशॉप असण्याचा हा मोठा आधार आहे, कारण एवढ्याशा कामाला दुसरीकडे आठवडा गेला असता. आता फरक ०.०५ मिलिमीटरच्या आत असून सेन्सरचे अंतर ०.८ ठेवले आहे.

सेन्सरच्या दोन वायरीही उलट होत्या. त्यामुळे इसीयू दाताची चुकीची कड वाचत होता. टायमिंग लाइट धरून ठिणगीचे टायमिंग १० अंशांवर स्थिर केले असता, वायरी उलट असताना वेग वाढवला की खूण सरकत जात होती. सुलट केल्यावर ती आयडलपासून चार हजार फेऱ्यांपर्यंत जागची हलत नाही. पडद्यावरच्या १० अंशांवर विश्वास न ठेवता पुलीवरची खूण डोळ्यांनी पाहणे अत्यावश्यक आहे, विशेषतः बूस्टच्या इंजिनात, जिथे पाच अंशांची गफलत पिस्टन फोडू शकते.

२७ नोव्हेंबर

इंधनाचा दाब. चावी फिरवल्यावर पंप रेलमध्ये (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत) ३ बार भरतो, पण पंप थांबताच काटा घसरू लागतो आणि थोड्याच वेळात अर्ध्या बारवर येतो. रिटर्नची रबरी नळी चिमटली तरी घसरण थांबली नाही; पंपाकडून येणारी नळी चिमटली तेव्हा काटा जागीच थांबला. म्हणजे इंजेक्टर गळत नाहीत, दाब सांभाळणारा रेग्युलेटरही ठीक आहे, टाकीतल्या पंपाचा एकदिश व्हॉल्व्ह पेट्रोल मागे सोडतो आहे. गरम इंजिनाशेजारच्या रेलमध्ये दाब नसला की पेट्रोलची वाफ होते आणि पहिले काही सेकंद इंजेक्टरमधून वाफच बाहेर पडते. नवा पंप मागवला आहे.

३० नोव्हेंबर

नवा पंप बसला. रात्रभर ठेवूनही सकाळी २.६ बार शिल्लक होते.

आज पेट्रोलही तपासले. मापाच्या नळीत १०० मिलिलिटर पेट्रोल आणि १० मिलिलिटर पाणी घालून हलवले आणि स्थिर होऊ दिले. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरते, त्यामुळे तळचा थर वाढून सुमारे २९ मिलिलिटर झाला. म्हणजे हे वीस टक्के मिश्रणाचेच पेट्रोल आहे. चिकोडी, अथणी, निपाणी या आपल्याच ऊसपट्ट्यातल्या शेतकऱ्यांचा त्यात वाटा आहे, ही समाधानाची बाब. ट्यूनिंग करणाऱ्याला मात्र हिशेब बदलावा लागतो. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण ज्वलनासाठी १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ आणि या मिश्रणाला साधारण १३.५. त्यामुळे या इंजिनासाठी १०० किलोपास्कलला लागणारी मूळ पल्स ४.७ मिलिसेकंदांवरून ५.१ झाली. यापुढे सर्व वाचन १४.७ च्या पट्टीवर न घेता लॅम्डामध्ये घेणार आहे. लॅम्डा १ म्हणजे पूर्ण ज्वलनाचे मिश्रण, मग पेट्रोल कोणतेही असो; १ पेक्षा कमी म्हणजे पेट्रोल जास्त (रिच) आणि १ पेक्षा अधिक म्हणजे पेट्रोल कमी (लीन).

एक सूचना मालकांना लिहून दिली: खानापूर तालुक्यातल्या पावसात अर्धवट भरलेल्या कॅनमध्ये हे पेट्रोल महिनोन्महिने ठेवू नये. ते हवेतली ओल शोषते आणि मर्यादेपलीकडे पाणी गेले की इथेनॉलसह तळाशी वेगळे होते, नेमके पंप जिथून ओढतो तिथे.

१२ डिसेंबर

गेल्या काही सकाळी थंड स्टार्टिंगला दिल्या. या कामाला पर्याय नाही, कारण पूर्ण थंड इंजिन दिवसातून एकदाच मिळते. एकदा सुरू झाले की त्या दिवसाचा धडा संपला. म्हणून रोज एकच आकडा बदलायचा आणि दुसऱ्या पहाटेपर्यंत थांबायचे. गाडी मुद्दाम रात्री शेडबाहेर ठेवली होती आणि सकाळी पाण्याच्या सेन्सरवर १४ ते १६ अंश मिळत होते.

थंड इंजिनात पेट्रोलचा बराच भाग वाफ न होता इनटेकच्या भिंतींना चिकटतो, आणि इथेनॉल गारव्यात पेट्रोलमधल्या हलक्या घटकांइतके सहज उडत नसल्याने ही अडचण वाढते. म्हणून तीन वेगवेगळ्या टप्प्यांना वेगवेगळे जादा इंधन द्यावे लागते. चावी फिरवताच एक छोटी पल्स भिंती ओल्या करण्यासाठी. स्टार्टर फिरताना तापमानानुसार ठरलेली टक्केवारी. आणि इंजिन पेटल्यानंतरचे पहिले काही सेकंद आणखी थोडे, जे हळूहळू कमी होत जाते. चौथा, इंजिन तापेपर्यंतचा तक्ता, या सर्वांहून वेगळा आहे. हे टप्पे एकमेकांत मिसळले की निदान अशक्य होते.

ओळखण्याची खूण कानाची आहे. इंजिन दोनदा खोकून गप्प बसले आणि थोडा अॅक्सिलेटर दाबून स्टार्टर मारल्यावर पेटले, तर पेट्रोल जास्त आहे, कारण जादा हवेने ते सावरले. अॅक्सिलेटर दिल्यावर उलट पूर्ण मेले, तर पेट्रोल कमी आहे. पेटून दोन सेकंदांत बंद पडले, तर स्टार्टरचा आकडा बरोबर आहे आणि पेटल्यानंतरचा कमी पडतो. जुन्या मॅपमध्ये १५ अंशांना स्टार्टरचे इंधन ३१० टक्के होते. आता १८५ टक्क्यांवर इंजिन दीड सेकंदात पेटते आणि पेटल्यानंतरचे जादा इंधन ३५ टक्क्यांपासून सुरू होऊन वीस सेकंदांत उतरते. अर्थिंग, सेन्सर आणि दाताची चकती दुरुस्त केल्यावर इंजिनाची मागणी एवढ्याने खाली आली, यावरून आधी ओतले जाणारे पेट्रोल कशाची भरपाई करत होते ते दिसते. आजचे प्लग कोरडे आहेत.

१७ डिसेंबर

गरम स्टार्टिंग पंप बदलल्यावर पुष्कळ सुधारले होते, तरी पहिल्या काही फेऱ्या अडखळतच होत्या. नोंदीत कारण सापडले. हवेच्या तापमानाचा सेन्सर अॅल्युमिनिअमच्या मॅनिफोल्डमध्ये बसवलेला असल्याने, बंद करून पंधरा मिनिटांनी तो ६८ अंश दाखवत होता. गरम हवा विरळ असते म्हणून इसीयू इंधन कापत होता, पण प्रत्यक्ष आत येणारी हवा तेवढी गरम नव्हतीच. सेन्सर धातूचे तापमान सांगत होता. इंटरकूलरनंतरच्या पाइपला नायलॉनची बैठक (बॉस) बसवून तिथे उघड्या टोकाचा सेन्सर घातला. आता बंद करून थांबल्यावरही तो ४१ च्या वर जात नाही आणि इंजिन पहिल्या झटक्यात पेटते.

२२ डिसेंबर

बूस्टमधले हिसके. यात सर्वांत धोका आहे, म्हणून सर्वांत जास्त वेळ दिला. मालकांच्या जांबोटीच्या शेतावर एक लांब चढाची पाणंद आहे. तिथे तिसऱ्या गिअरमध्ये भाराखाली नोंदी घेतल्या. १२५ किलोपास्कलच्या पुढे लॅम्डा ०.८२ वरून एकदम १.१ कडे उडी मारतो आणि त्याच क्षणी हिसका बसतो.

पडद्यावर लीन दिसले म्हणून तिथे पेट्रोल वाढवणे हा स्वाभाविक मोह आहे, आणि जुन्या मॅपमध्ये तेच झाले आहे. पण लॅम्डा सेन्सर पेट्रोल मोजत नाही, तो धुरातला ऑक्सिजन मोजतो. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगीच पडली नाही, तर तिथला सगळा ऑक्सिजन न जळता बाहेर येतो आणि सेन्सर लीन सांगतो, जरी मिश्रण भरपूर रिच असले तरी. पेट्रोल वाढवले की ठिणगी विझण्याची शक्यता उलट वाढते. दोन्हींत फरक असा की खरे लीन मिश्रण हळूहळू सरकत जाते आणि मिसफायर (ठिणगी चुकणे) क्षणात उसळतो.

येथे दोन्ही दोष एकत्र होते. प्लगचे अंतर १.१ मिलिमीटर होते. बूस्टमध्ये दाटलेल्या हवेतून ठिणगीला उडी मारायला जास्त व्होल्टेज लागते. अंतर ०.७ केले आणि प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा) घेतला, एनजीकेच्या क्रमांकात ६ ऐवजी ७, कारण या कंपनीत मोठा आकडा म्हणजे थंड प्लग. उसळी गेली. त्यानंतर उरलेली हळू घसरण स्पष्ट दिसू लागली: ०.८२ वरून ०.९० पर्यंत, आणि ती बूस्ट जितका वेळ टिकेल तितकी वाढणारी.

रेलवरचा दाबमापक नळीने काचेसमोर आणून बांधला. रेग्युलेटरला मॅनिफोल्डची नळी जोडलेली असल्याने ०.४ बार बूस्टला रेलचा दाब ३.४ व्हायला हवा, म्हणजे इंजेक्टरच्या दोन्ही बाजूंतला फरक कायम ३ राहतो. प्रत्यक्षात रेलचा दाब २.९ वर येत होता. फरक २.५ राहिला की इंजेक्टरचा प्रवाह दाबफरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे नऊ टक्क्यांनी घटतो. लॅम्डाची घसरण तेवढीच आहे. पंप नवा होता, म्हणून त्याच्या टोकांवर व्होल्टेज मोजले: भाराखाली १०.९. मूळ बारीक वायरीतून मोठा पंप चालवला जात होता. बॅटरीपासून फ्यूज आणि रिले घालून २.५ चौरस मिलिमीटरची वायर ओढली, पंपाचा अर्थही नवा दिला. आता १३.२ व्होल्ट आणि ३.४ बार, चढ संपेपर्यंत. तक्त्यातला एकही आकडा न बदलता लॅम्डा ०.८१ वर स्थिर राहिला.

टायमिंग सावधपणे घेतले आहे. बूस्टच्या दर ०.१ बारला साधारण दीड अंश मागे, म्हणजे ठिणगी तेवढी उशिरा. ब्लॉकला चपटे टोक करून आवळलेल्या तांब्याच्या नळीतून कानाला हेडफोन लावून चढावर ऐकले. नॉकिंगचा (मिश्रण अवेळी आपोआप पेटण्याचा) सुटा, कोरडा टकटक आवाज कुठेही आला नाही.

४ जानेवारी २०२६

मालकांना गाडी कोकणातही न्यायची आहे, सावंतवाडीजवळच्या नातेवाइकांच्या बागेत. येथे एक गोष्ट आधीच हाताळणे भाग होते. वेस्टगेटची स्प्रिंग बाहेरच्या हवेवर ०.४ बार चढवते. बेळगावात ९२.५ वर ४० म्हणजे सुमारे १३२ किलोपास्कल. आंबोली घाट उतरून खाली गेल्यावर १०१ वर ४० म्हणजे १४१. म्हणजे कोकणात इंजिन तक्त्याच्या अशा ओळींत जाईल, जिथे ते बेळगावात कधीच गेलेले नाही. घाटमाथ्यावर केलेले ट्यूनिंग खाली नेताना हेच नजरेतून सुटते.

१४० आणि १५० च्या ओळींत इंधनाचे आकडे १३० च्या ओळीइतकेच ठेवून लक्ष्य लॅम्डा ०.८० केला आणि टायमिंग आणखी दोन अंश मागे घेतले. १५५ ला इंधन तोडण्याची मर्यादा लावली. वातावरणीय दुरुस्तीचा वेगळा तक्ता मात्र सपाट १०० टक्क्यांवर सोडला. दाबाचा सेन्सर निरपेक्ष दाबच मोजतो, त्यामुळे उंचीतला मुख्य फरक त्यातून आपोआप धरला जातो आणि तोच दुसऱ्यांदा धरण्याचे कारण नाही.

११ जानेवारी

काल गाडी टेम्पोने खाली नेली. चावी फिरवताच १०१ आले, या वेळी खरे. बागेतल्या चढावर सर्वोच्च दाब १४२, लॅम्डा ०.७९ ते ०.८१, इंजेक्टर उघडे राहण्याचा वेळ ४० टक्क्यांच्या आत, हेडफोनमध्ये नॉकिंग नाही. दमट हवेत पहाटेचे स्टार्टिंग पहिल्याच प्रयत्नात झाले. प्लग काढून पाहिले. चिनी मातीचा भाग फिकट तपकिरी, कुठेही काळी काजळी किंवा अॅल्युमिनिअमचे ठिपके नाहीत.

मॅपची फाइल मालकांच्या पेनड्राइव्हवर दिली आणि एक प्रत वर्कशॉपमध्ये ठेवली. टर्बोची परतीची ऑइल नळी एका ठिकाणी फारच आडवी जाते. ती पुढच्या सर्व्हिसला उताराची करून घ्यायची आहे, तोवर ऑइल तीन हजार किलोमीटरला बदलावे असे त्यांना सांगितले आहे.